पितळी मूर्तीवरचा चांदीचा दागिना सारखा काळा-हिरवा पडतो? आधी त्याची बैठक बघा

मी उदगीरला पितळेच्या मूर्ती करतो. मूर्तीच्या अंगावरचा दागिना चांदीचा असतो आणि तो सुटा निघतो. नऊवारीतल्या बाईच्या गळ्यातली ठुशी लग्नाला जाताना तुम्ही घालायची, आल्यावर परत तिच्या गळ्यात ठेवायची. आपल्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. महालक्ष्म्यांना घरातल्या बायकांचेच दागिने चढतात आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की ते परत कपाटात जातात. मी तीच रीत बारा महिन्यांसाठी केली, एवढंच.

पण महालक्ष्म्या तीन दिवस बसतात. माझी बाई वर्षभर उभी असते, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते. दुरुस्तीला जे काम परत येतं त्यात बहुतेक वेळा एकच तक्रार असते. ती मी इतक्यांदा निस्तरली आहे की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं कळतं.

लक्षणं

- ठुशी, सरी किंवा हाराची मूर्तीला टेकणारी मागची बाजूच काळी पडते, समोरून माल चांगला दिसतो.
- मूर्तीवर दागिना अडकवायला जी पितळी खुंटी असते तिच्याभोवती किंवा भोकाच्या कडेला हिरवट थर येतो. पुसला की जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो.
- दागिना तासभर घातला की मानेवर, मनगटावर हिरवा-काळा डाग उठतो.
- मूर्तीचं पितळ दागिन्याखाली तेवढंच गुलाबी-तांबूस होतं.
- पूर्वी सहज निघणारा दागिना आता अडकतो. किंवा एखादा पातळ हूक कुणी हात न लावता तडकतो.

यातलं काहीही दिसलं की लोक पहिल्यांदा चांदीवर संशय घेतात. अहमदपूरच्या एक काकू ठुशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, खरी चांदी आहे का हो ही? का सोनाराला दाखवू?" मी म्हणालो, दाखवा की. त्यांनी दाखवली, सोनाराने घासून उजळून दिली, चांदी ९२५ ची, म्हणजे साडेब्याण्णव टक्के, निघाली. पुढच्या महिन्यात ठुशी परत काळी. दोष बहुधा दागिन्यात नसतो, तो जिथे टेकतो तिथे असतो. त्या जागेला आम्ही बैठक म्हणतो. बैठक न बघता दागिना घासत राहिलात तर दर घासणीला थोडी चांदीच उतरते. मुलाम्याचा असेल तर दोन-चार वर्षांत खालचं तांबं डोकावतं.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी, आग लागणाऱ्या शेवटी. मधली पायरी गाळू नका. मी गाळल्या आहेत आणि विनाकारण मूर्ती कापून बसलो आहे.

१. नुसतं बघा: रंग कुठे आहे आणि कोणता आहे

दागिना काढा, पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. मग मूर्तीची बैठक तशीच बघा. दोन्हीकडचे डाग समोरासमोर जुळतात का?

काळा आणि हिरवा हे दोन वेगळे आजार आहेत, म्हणून हे आधी बघायचं. काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक एकत्र आल्यावर होणारं सिल्व्हर सल्फाइड. ते हवेतूनही येतं, पण हवेतून आलं तर सगळीकडे सारखं येतं. फक्त पाठीमागे आलं असेल तर गंधक बैठकीतच कुठेतरी बसलंय.

हिरवं मात्र बहुतेक पितळेतून आलेलं असतं. ९२५ चांदीतही साडेसात टक्के तांबं असतं, त्यामुळे चांदी अगदीच निर्दोष नाही. पण खुंटीभोवती साचलेलं हिरवं हे पितळेतलंच तांबं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला की बॅटरी तयार होते. व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून हेच केलं होतं. पितळेत जस्त असतं, दागिना चांदीचा, मीठ घामातून येतं. आपण नकळत व्होल्टाची चळत उभी करून तिला नऊवारी नेसवतो. अशा जोडीत चांदी वाचते आणि पितळ झिजतं. झिजलेलं पितळ चांदीवर हिरवं होऊन बसतं आणि बदनाम चांदी होते.

तक्रारी भाद्रपदात का येतात तेही यातच आलं. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ही बॅटरी चालतच नाही. पावसाळी दमट हवा, त्यात घामेजलेला दागिना न पुसता परत मूर्तीवर, की ती सुरू.

२. घरातल्यांना विचारा

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त थोडा संकोच सोडावा लागतो. विचारायचं ते असं: मूर्ती कशाने घासता? दागिना कशात ठेवता? कुंकू-हळद, पंचामृत लावता का?

चिंच आणि लिंबू पितळ चकचकीत करतात, पण त्यांचं आम्ल फटीत राहतं. मूर्ती बाहेरून धुतली जाते, खुंटीच्या भोकातलं चिंचेचं पाणी तिथेच मुरतं. दागिन्याखालचं पितळ गुलाबी झालं असेल तर आम्लाने किंवा मिठाने जस्त ओढून नेलंय आणि तांबं उरलंय असं समजा. तो गुलाबी रंग घासून जाईल, गेलेलं जस्त परत येणार नाही.

धुण्याचं पाणी बोअरचं असेल तर शेवटचा हात शुद्ध पाण्याचा फिरवा. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड पाणी मिळतं. मात्र बॅटरीवाल्याकडे "पाणी" मागा, "अ‍ॅसिड" नको. दोन्ही कॅन सारखेच दिसतात.

साठवणीत सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे रबरबँड. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि ते चांदीवर उतरतं. लोकरी फेल्टचंही तसंच. दागिना घासू नये म्हणून मी सुरुवातीला मूर्तीच्या छातीवर मागून फेल्टचा तुकडा चिकटवायचो. कल्पना छान होती, पण चांदी त्या तुकड्याच्या मापाने काळी पडायची. अगदी कात्रीची रेघसुद्धा उमटायची.

३. चुंबक लावा

फ्रिजवरचं चुंबक चालेल. खुंटी, स्प्रिंग, फासा, मागची साखळी, सगळ्याला लावून बघा. पितळ, तांबं, चांदी यांना चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. मग डाग हिरवा नसून तपकिरी असेल आणि इलाज एकच: तो भाग बदला.

चुंबक चिकटत नाही म्हणजे चांदी, असं मात्र नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त. बाजारात "ऑक्सिडाइज्ड" म्हणून मिळणारे कितीतरी दागिने त्याचेच असतात. दागिना घातल्यावर नुसता डाग न पडता खाज, पुरळ, पाणी सुटणं असं होत असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे माझं काम संपलं. दागिना काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. वरून लॅकर मारून तोच दागिना परत घालू नका, लॅकर कातडीवर टिकत नाही.

४. टेफ्लॉन टेपचा वेढा

माझा सगळ्यात लाडका उपाय, आणि वीस-तीस रुपयांत होणारा. नळ बसवताना आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टेफ्लॉन कशाशी फारशी क्रिया करत नाही, पाणी पीत नाही आणि वीज वाहू देत नाही. बॅटरी तोडायला आणखी काय हवं?

दागिना आधी स्वच्छ करून घ्या (कसा ते खाली सांगतो). बैठक कोरड्या सुती कापडाने पुसा. खुंटीला टेपचे दोन-तीन वेढे ताणून द्या. दागिना जिथे अंगाला टेकतो तिथेही टेपचा तुकडा ठेवा, पण एक टेकण मुद्दाम उघडं राहू द्या. आणि पंधरा दिवस हात लावू नका. अमावस्येला ठेवलं तर पौर्णिमेला बघा, म्हणजे तारीख विसरत नाही.

टेपखाली स्वच्छ आणि उघड्या टेकणावर डाग, म्हणजे दोन धातूंचा संपर्क हाच दोष. आजार कळला आणि औषधही तेच. सगळीकडे सारखा काळा पडला तर हवेत किंवा जागेत गंधक आहे, मूर्तीची जागा बदला. आणि टेप असूनही फक्त फटीच्या तोंडाशी हिरवं आलं तर आतून काहीतरी पाझरतंय. तसं असेल तर पाचवी पायरी.

वेढ्यांमुळे दागिना खुंटीवर बसेना झाला तर दागिन्याचं भोक मोठं करू नका. खुंटी कानशीने किंचित उतरवा. पितळ स्वस्त आहे. टेपऐवजी वायरवरची प्लास्टिकची नळी वापरू नका, ती बरेचदा पीव्हीसीची असते आणि जुनी झाली की त्यातून क्लोरीनचं आम्ल सुटतं.

दागिना स्वच्छ करण्याबद्दल

घमेल्यात किंवा काचेच्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर. त्यावर दागिना फॉइलला टेकेल असा ठेवा, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा टाका आणि लिटरभर कडक गरम पाणी ओता. सडक्या अंड्याचा हलका वास येईल. ते गंधक निघतंय. पाच मिनिटांत काळेपणा उतरतो, कारण इथे सल्फाइडमधली चांदी परत चांदी होते. टूथपेस्टने घासल्यावर ती निघून जाते, हा फरक.

मोत्याला हे करायचं नाही. नथ, चिंचपेटी, तन्मणी यांना तर नाहीच. खडे चिकटवलेले असतील किंवा नक्षी उठावी म्हणून खोलात मुद्दाम काळं केलेलं असेल तरीही नाही, सगळी नक्षी सपाट दिसायला लागेल. अशा दागिन्यांना रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. आपले सोनार पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरतात. मोत्याची नथ पाण्यात भिजत ठेवू नका, ओल्या ब्रशने पुसा आणि लगेच कोरडी करा.

५. लिटमस

शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून निळ्या लिटमस कागदाचं एक पुडकं आणा. डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब फटीवर सोडा, दोन मिनिटांनी निळा कागद टेकवा. लाल झाला तर आत आम्ल आहे.

हे आम्ल माझ्यासारख्यानेच सोडलेलं असतं. डाग देऊन झाल्यावर, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडल्यावर, काम आम्लाच्या पाण्यात उजळायला टाकतात. मूर्ती पोकळ असेल किंवा खुंटीचं भोक आरपार नसेल तर ते पाणी आत अडकतं आणि पुढचे सहा महिने दमट हवेत थेंबाथेंबाने बाहेर येतं. कथलाचा डाग नवसागर किंवा झिंक क्लोराइड लावून दिला असेल तर आणखी वाईट. क्लोराइड एकदा पितळेत शिरलं की फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उठते. वरून कितीही घासा, ती आतून येते.

सौम्य प्रकरण असेल तर सुटे भाग सोड्याच्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग दोनदा साधं गरम पाणी, शेवटी डिस्टिल्ड. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. पुन्हा लिटमस लावा. दोन वेळा करूनही कागद लालच होत असेल तर हे घरचं काम राहिलं नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. चारी बाजूंनी बंद पोकळी असलेली मूर्ती आगीवर धरू नका. आत पाण्याचा थेंब असला तरी वाफेने ती फुटते. माझ्या उमेदवारीच्या काळात एक बोटभर लांबीचा पोकळ हात असाच फुटला. तुकडा पत्र्याला लागला म्हणून मी आज हे लिहितोय.

६. मूर्तीला दिलेला रंग

पितळ जुनं दिसावं म्हणून आम्ही गंधकाचं पाणी देतो. मूर्तीला छान तपकिरी-काळी छटा येते. पहिल्याच वर्षी मी सहा मूर्त्या अशा केल्या आणि त्यांच्या चांदीच्या पुतळ्यांच्या माळा लगेच चढवून दिल्या. महिनाभरात सगळ्या माळा पाठीमागून काळ्या. छटा देऊन उरलेलं गंधक कोरीव कामाच्या खाचांत होतं आणि मी त्यावरच चांदी नेऊन टेकवली होती. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा मी पावसाला दोष दिला. आता कबूल करतो.

तुमची मूर्ती काळपट छटेची असेल तर बैठकीपुरती छटा काढून टाका. बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा उघडी करा, सोड्याच्या पाण्याने पुसा, धुऊन वाळवा आणि त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या. दागिन्याखाली असल्याने ती दिसत नाही. लॅकर घासणीने खरवडतं आणि ओरखड्यात डाग आणखी जोरात येतो, म्हणून लॅकर असलं तरी टेप हवीच.

जाता जाता बिदरीचं, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवलेल्या कामाचं, सांगतो, कारण उदगीरहून बिदर जवळ आणि लोक विचारतात. बिदरीत चांदी पांढरी राहते आणि भोवतालचा धातू काळा होतो, मग तिथे भांडण का नाही? तो धातू ९० टक्क्यांच्या वर जस्ताचा असतो आणि त्याचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून मुद्दाम आणलेला असतो. भांडण तिथेही होऊ शकतं. बिदरीच्या बैठकीवर घामट चांदीचा दागिना ठेवून बघा, जस्ताची पांढरी भुकटी येईल. चिंच तर तिला दाखवूसुद्धा नका.

७. बैठकच बदलायची

टेपचा वेढा वर्षाला बदलावा लागतो. ते नको असेल तर कायमचा उपाय म्हणजे खुंटीला चांदीची टोपी, म्हणजे चांदी चांदीलाच टेकते. टोपी आणि पितळेचा सांधा पूर्ण बंद हवा, केसाएवढी फटही चालत नाही. किंवा लेथवाल्याकडून टेफ्लॉनचं बुश, म्हणजे खुंटीवर चढणारी छोटी नळी, कातून घ्यावं. मला बुश आवडतं. आग लागत नाही, झिजलं तर काढून दुसरं बसतं.

नवीन मूर्ती करत असाल तर भोक आरपार ठेवा, किंवा खालच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटरचं पाणी निथळायचं भोक सोडा. ते लपवायला नऊवारीच्या निऱ्यांइतकी चांगली जागा नाही.

आणि तो आपोआप तडकणारा हूक. पातळ पितळ थंडच वाकवलं की त्यात ताण राहतो. त्यावर अमोनियाची वाफ लागली की ते न वाकता सरळ तडकतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या पलटणीत तबेल्याशेजारी ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची. आपल्याकडे घराला लागून गोठा असतो, फरशी पुसायच्या काही द्रावणांतही अमोनिया असतो. हूक वाकवल्यावर मंद आचेवर ताव द्या, म्हणजे ताण उतरतो. तडकलेला हूक डाग देऊन जोडू नका, नवा करा.

इथे थांबा, कारागीर गाठा

खुंटीच्या सांध्यावर मऊ, करडा, नखाने ओरखडा उठणारा डाग दिसला तर तो कथील-शिशाचा आहे. तो १८३ अंशांच्या आसपासच वितळतो. त्यावर चांदीचा डाग द्यायला गेलात तर शिसं चांदीत आणि पितळेत शिरतं आणि भोकं पाडतं. आधी ते शिसं पूर्ण काढावं लागतं, तेही अनुभवी हाताने.

घरी फुंकणी किंवा गॅसची बंदूक घेऊन जुना दागिना तापवू नका. जुन्या डागात कॅडमियम असू शकतं. सोन्याच्या बाबतीत "केडीएम" म्हणतात ते हेच. त्याचा धूर फुप्फुसाला घातक. पितळ जास्त तापलं तरी जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. सोनारानेच कान टोचावेत ते यासाठी.

आजीचा दागिना, मोती, खडे, मीना असेल तर तिसऱ्या पायरीनंतर हात काढा. आणि मूर्ती देवघरातली, पिढ्यांपासूनची असेल तर घासूसुद्धा नका. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिच्यावरचा थर हा तिच्या वयाचा भाग असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, तशा ठिकाणी आधी विचारा.

राहिल्या अहमदपूरच्या काकू. त्यांच्या मूर्तीला मी खुंटीवर टेफ्लॉनचं बुश बसवून दिलं, रबरबँडची डबी फेकायला लावली. मागच्या भाद्रपदात ठुशी घेऊन आल्या. पाठ स्वच्छ, खुंटीभोवती हिरव्याचा कण नाही. फक्त फाशाजवळ तपकिरी ठिपका होता. फासा मध्यंतरी तुटला म्हणून गावातल्या कुणाकडून तरी बदलून घेतलेला. मी चुंबक लावलं. चिकटलं.